बायबल अभ्यासमंडळ (कॅथलिक)

कॅथलिक श्रद्धावंतांनी ठरावीक दिवशी कुणाच्या घरी किंवा चर्चच्या आवारात जमायचे, बायबलमधला एक उतारा वाचायचा, त्यावर मनन आणि चर्चा करायची व प्रार्थना करून उठायचे, अशा बैठकीला बायबल अभ्यासमंडळ म्हणतात. ही प्रथा प्रॉटेस्टंटांकडून उसनी घेतली, असा समज खुद्द कॅथलिकांतही आढळतो. तो पुराव्याला धरून नाही. एकट्याने ग्रंथ वाचण्याहून जमून ऐकणे कितीतरी जुने आहे. नहेम्याच्या ग्रंथात एज्रा जमलेल्या लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो आणि लेवी त्याचा अर्थ फोड करून सांगतात. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य एकमेकांशी बोलत चाललेले असतात, तेव्हाच त्यांना शास्त्राचा उलगडा होतो. छपाई येईपर्यंत हस्तलिखित प्रत सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. बहुसंख्य ख्रिस्ती लोकांना शास्त्र भेटले ते कानांनी, आणि चार माणसांत.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो टाळता येत नाही. 1564 च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनी लोकभाषेतले बायबल वाचायला बिशप किंवा धर्मन्यायाधीशाची लेखी परवानगी आवश्यक केली. त्यामुळे सामान्य कॅथलिक आणि ग्रंथ यांच्यात अंतर पडले, हे मान्यच करावे लागते. पण भूक मेली नव्हती, याची साक्ष मराठीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नव्हे, कथन आहे. मात्र ओवी हा छंदच मुळी म्हणण्याचा आणि ऐकण्याचा. पुराण सांगण्या-ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला शास्त्र त्याच रीतीने हवे होते, हे स्टीफन्स यांनी ओळखले. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. अभ्यासाचा खरा शत्रू कोण, ते इथे दिसते. लोकांची भाषा तोडली की लोकांचा ग्रंथही तुटतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी मंजूर केलेल्या ‘देई व्हेर्बुम’ या संविधानाने शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना उघडे असावे असे ठरवले. 1969 पासून रविवारच्या मिस्सामधील वाचनांची तीन वर्षांची मांडणी आली. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने सात पायऱ्यांची सोपी पद्धत घालून दिली: प्रभूला बोलावणे, वाचणे, मनाला लागलेला शब्द पुन्हा उच्चारणे, शांत राहणे, मनातले सांगणे, मिळून करायचे काम ठरवणे, प्रार्थना करणे. यातली सहावी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळे वाचन शेजारच्या आजाऱ्यापर्यंत पोहोचते. मराठी वाचकासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ही वाट सोपी केली.

जो तो आपापला अर्थ लावू लागला तर एकी राहील का, ही शंका प्रामाणिक आहे. परमधर्मपीठाच्या बायबल आयोगानेही 1993 च्या दस्तऐवजात अक्षराला चिकटणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनापासून सावध केले आहे. पण तसे वाचन एकांतात अधिक फोफावते. मंडळात एकाच्या टोकाच्या अर्थाला दुसऱ्याचा प्रश्न अडवतो, आणि तळटिपा व चर्चची शिकवण हाताशी असते. मिस्सामध्ये वाचन होतेच, मग वेगळे जमायचे कशाला, असेही विचारतात. मिस्सा हे उपासनेचे केंद्र आहे, यात वाद नाही. परंतु प्रवचन चालू असताना कोणी हात वर करून शंका विचारत नाही. विचारता न आलेली शंका वर्षानुवर्षे मनात राहते आणि श्रद्धा सवयीपुरती उरते. तिला नवी पालवी फुटायची तर शंका बोलता येईल अशी जागा हवी, आणि मंडळ प्रमुखाच्या भाषणाने भरून गेले तर तीच जागा हरवते. मंडळ सुरू करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पाहावी: कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट आवृत्तीत 66. तोबित, मक्काबी यांसारखी पुस्तके ज्यात आहेत, अशी तळटिपांची प्रत प्रत्येक सभासदाच्या हाती द्यावी.