किटण खरवडण्याची कुळकथा

कुत्र्याच्या दातांची वैद्यकीय स्वच्छता हा आज पशुवैद्यकाच्या दवाखान्यातला उपचार मानला जात असला, तरी त्याचे मूळ माणसाच्या दंतचिकित्सेत आहे. सुश्रुतसंहितेत दातांवर साचून घट्ट झालेल्या मळाला दंतशर्करा म्हटले असून, तो काढण्याच्या दंतशंकू या हत्याराला तेथील वीस शस्त्रांत स्वतंत्र स्थान आहे. दंतमूलांना इजा न होऊ देता शर्करा काढावी आणि मग मधात कालवलेले लाखेचे चूर्ण त्या जागी चोळावे, असा विधी त्यात सांगितला आहे. ही लाख पळस आणि कुसुम या झाडांवर पोसणाऱ्या कीटकापासून मिळते व दोन्ही झाडे मध्य प्रदेशातील बालाघाटच्या जंगलात विपुल आहेत. पुढे इसवी सन 1000 च्या सुमारास कोर्दोबाचा शल्यवैद्य अल्-झहरावी याने आपल्या ग्रंथात दात खरवडण्याच्या वेगवेगळ्या आकारांच्या हत्यारांची चित्रेच दिली, कारण दाताच्या प्रत्येक बाजूला एकच पाते पोचत नाही हे त्याने ओळखले होते. मात्र या दोन्ही वैद्यांसमोरचा रुग्ण माणूस होता आणि तो सांगितल्यावर तोंड उघडून स्थिर बसत असे.

कुत्र्याच्या बाबतीत अडचण नेमकी येथेच होती: तो असा स्थिर बसत नाही. त्याच्या तोंडात 42 दात असतात, तर कान्हाच्या जंगलात, ज्याचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो, आढळणाऱ्या कोळसून या रानकुत्र्याला 40. कोळसून शिकारीचे कातडे, स्नायू व कुर्च्या फाडून खातो आणि त्या घर्षणाने दात काही प्रमाणात घासले जातात (हिरड्यांचे विकार रानातल्या प्राण्यांनाही होतातच). गावातल्या कुत्र्याच्या वाट्याला येणाऱ्या भात-पेजेसारख्या मऊ अन्नात मात्र तेवढेही घर्षण नसते. दातांवर प्रथम जिवाणूंचा चिकट, नजरेस न पडणारा थर बसतो आणि लाळेतील क्षार मिसळून दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो; हेच किटण. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्यामुळे त्याचे दात क्वचितच किडतात, पण किटण लवकर धरते. वरचा ओठ गालाकडे उचलून पाहिल्यास वरच्या जबड्यातील मोठ्या कातरदाढेवर, म्हणजे मांस कापणाऱ्या दाढेवर, पिवळट-तपकिरी कवच सर्वांत जाड दिसते, कारण कानशिलाखालच्या लाळग्रंथीची नलिका तिच्यासमोरच उघडते. खरे दुखणे मात्र त्या कवचाच्या कडेला असलेल्या लालसर रेषेखाली, हिरडी आणि दात यांमधल्या फटीत वाढत असते, आणि तेथे जागेपणी पाते घालू देणारे कुत्रे मिळणे कठीण.

म्हणून या उपचाराचा खरा जन्म भुलीच्या शोधानंतरचा मानला पाहिजे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. दुसरा टप्पा 1950 च्या दशकात आला, तेव्हा सेकंदाला सुमारे 25,000 वेळा कंप पावणारे अल्ट्रासोनिक स्केलर हे यंत्र दंतवैद्यांच्या हाती आले. त्याचे टोक कंपनाने किटण फोडते आणि सोबतचा पाण्याचा फवारा टोक तापू देत नाही. ते पाणी आणि निघालेले जिवाणू फुप्फुसांत जाऊ नयेत, यासाठी कुत्र्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे अनिवार्य ठरले.

हत्यारे माणसाकडून कुत्र्याकडे आली, तर ज्ञानाचा मोठा भाग कुत्र्याकडून माणसाकडे गेला. 1965 साली हाराल्ड लोए यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे निरोगी विद्यार्थ्यांना दात घासणे थांबवायला लावले आणि दीड ते तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात, स्वच्छता पुन्हा सुरू करताच त्या बऱ्या होतात, हे सिद्ध केले. पण दाताचा आधार असलेले हाड झिजेपर्यंत माणसाला तसेच ठेवणे शक्य नव्हते. ते काम बीगल जातीच्या कुत्र्यांवर झाले: यान लिंडे आणि सहकाऱ्यांच्या 1975 साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या अभ्यासात, रोज दात घासलेल्या कुत्र्यांच्या हिरड्या निरोगी राहिल्या आणि न घासलेल्यांचा रोग हाडापर्यंत पोचला. माणसाच्या हिरड्यांचे आजचे शास्त्र या मुक्या प्राण्यांचे ऋणी आहे, आणि ते ऋण त्यांच्या दातांची नीट निगा राखूनच फेडता येईल. ही निगा राखणाऱ्या पशुदंतवैद्यकाला अमेरिकेत स्वतंत्र विशेषज्ञशाखा म्हणून मान्यता मिळाली ती 1988 मध्ये.

या इतिहासातून एक निर्णय स्पष्ट निघतो. भूल न देता, कुत्र्याला दाबून धरून केवळ दिसणारे किटण खरवडणे हा उपचार नव्हे, कारण दात पांढरा दिसतो आणि हिरडीखालचा रोग तसाच राहतो. पूर्ण उपचारात मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सळईने फटीची खोली मोजली जाते, क्ष-किरणाने मुळे तपासली जातात, हिरडीखाली सफाई होते आणि खरवडताना पडलेले सूक्ष्म ओरखडे पॉलिशने गुळगुळीत केले जातात. बालाघाटच्या श्वानपालकांना अशा कामासाठी प्रसंगी नागपूर किंवा जबलपूर येथील पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागेल. तोवर घरी रोज मऊ ब्रशने व कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दात घासावेत. माणसाची पेस्ट वापरू नये, कारण काहींत झायलिटॉल असते आणि ते कुत्र्याला विषारी असते. दाढ फोडणारी कठीण हाडेही देऊ नयेत. तोंड दुखत असतानाही कुत्रे बहुधा खातच राहते. त्यामुळे जेवण थांबण्याची वाट न पाहता, तोंडाला दुर्गंधी येताच पशुवैद्यकाला दाखवावे.