कोरीडोरस माशांचा आहार

कोरीडोरस हे दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्यात तळाशी राहणारे लहान मार्जारमीन, म्हणजेच कॅटफिश असून त्यांचे कुल कॅलिक्थायिडी आहे. ही प्रजाती फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लासेपेद यांनी १८०३ मध्ये स्थापिली. २०२४ च्या पुनर्वर्गीकरणात तिच्यातील अनेक जाती अन्य प्रजातींत गेल्या. तथापि मत्स्यपालक त्या सर्वांना अद्याप 'कोरी'च म्हणतात व या लेखातही तोच व्यापक अर्थ घेतला आहे.

नैसर्गिक आहार

तोंडाजवळच्या मिशांसारख्या स्पृशांवर रुचिकलिका असतात व त्यांच्या साहाय्याने हे मासे गढूळ पाण्यातही अन्न शोधतात. तळाची बारीक वाळू तोंडात घेऊन ते तीतील खाद्य वेगळे करतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. कीटकांच्या अळ्या, कृमी, सूक्ष्म कवचधारी प्राणी व थोडे वनस्पतिजन्य पदार्थ हे त्यांचे अन्न होय. ते सर्वभक्षी असले तरी त्यांचा कल प्राणिज अन्नाकडे असतो.

'सफाई करणारा मासा' हा गैरसमज

टाकीतील घाण खाऊन हे मासे जगतात, अशा समजुतीने ते पुष्कळदा विकत घेतले जातात. प्रत्यक्षात ते विष्ठा खात नाहीत आणि काचेवरील शेवाळ खरवडणारे चूषकमुखही त्यांना नसते. वरच्या थरातील माशांच्या तोंडून निसटलेल्या खाद्यावर त्यांची उपजीविका होत नाही; चपळ मासे तळापर्यंत फारसे काही पोहोचूच देत नाहीत. अंगावरील अस्थिपट्टांच्या चिलखतामुळे ही उपासमार लवकर ध्यानात येत नाही. पोट सपाट किंवा आत गेलेले दिसणे हे तिचे महत्त्वाचे लक्षण आहे. मधूनमधून पृष्ठभागाकडे झेपावणे हे मात्र भुकेचे लक्षण नव्हे: हे मासे हवा गिळून आतड्यावाटे श्वसन करू शकतात.

भारतात 'सकर' नावाने विकला जाणारा टेरिगोप्लिक्थिस हा लोरिकॅरिडी कुलातील वेगळा मासा आहे. त्याच्यासाठी बनविलेल्या शेवाळाच्या चकत्या हे कोरीचे मुख्य अन्न होऊ शकत नाही.

मत्स्यालयातील आहार

लवकर बुडणाऱ्या, प्राणिज प्रथिने असलेल्या गोळ्या किंवा चकत्या हा रोजच्या आहाराचा पाया असावा. आठवड्यातून काही वेळा गोठविलेल्या लाल अळ्या (ब्लडवर्म), आर्टेमिया किंवा डॅफ्निया द्यावेत. जिवंत ट्युबिफेक्स हे मासे आवडीने खातात; परंतु त्या कृमी बहुधा सांडपाण्यात वाढलेल्या असल्याने त्यांतून रोगजंतू येण्याचा धोका असतो, म्हणून गोठविलेले खाद्य बरे.

खाद्य दिवा मालवल्यानंतर टाकल्यास इतर माशांची स्पर्धा कमी होते. कोरी थव्याने राहत असल्याने ते दोन-तीन ठिकाणी विखरावे, अन्यथा दुबळे मासे मागे राहतात. सकाळी उरलेले खाद्य काढून टाकणे आवश्यक आहे. जाड खड्यांच्या फटींत ते कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि अस्वच्छ तळाशी सतत संपर्क आल्याने स्पृशा झिजतात. स्पृशा गेल्या की अन्न शोधणेच अवघड होते. यास्तव बारीक, गुळगुळीत वाळू हा या माशांच्या आहारव्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे.

पिलांना अंड्यातील पीतक संपल्यानंतर आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिले अथवा मायक्रोवर्म थोड्या प्रमाणात, दिवसातून अनेकदा देतात.