'सार्वजनिक' किनारा : वरळी कोळीवाड्यातील वाद आणि त्याची शब्दव्यवस्था

मासेमार वस्त्यांच्या किनाऱ्यासंबंधीचे वाद सामान्यतः पर्यावरणशास्त्र, नगररचना किंवा कायदा यांच्या कक्षेत चर्चिले जातात. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांत लक्ष घालावे असे त्यांत काय आहे, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, जमिनीच्या मालकीवर वाद सुरू होण्यापूर्वीच त्या जमिनीला काय म्हणायचे यावर वाद झालेला असतो आणि बहुधा तो एका पक्षाने नकळत गमावलेला असतो. वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून 2018 पासून जो संघर्ष उभा राहिला त्याचा विचार प्रस्तुत लेखात या अंगाने केला आहे.

भाषांतराच्या वर्गात तमिळ विद्यार्थी 'पोरम्बोक्कु' या शब्दाला मराठी प्रतिशब्द मागतात तेव्हा दरवेळी अडचण होते. महसुली दप्तरात या शब्दाचा अर्थ साधा आहे : जिच्यावर सारा बसवलेला नाही अशी, सामाईक उपयोगासाठी राखलेली जमीन. तळी, खाड्या, चराऊ कुरणे, किनारे हे सारे त्यात येते. पुढे हाच शब्द बोलीत निकम्म्या माणसासाठी शिवी म्हणून रूढ झाला. एन्नोर खाडीच्या भरावाविरुद्ध 2017 साली टी. एम. कृष्णा यांनी कर्नाटक संगीताच्या चालीत जे गीत गायिले, त्याने ही शिवी उलटवून तिला मानाचे स्थान दिले. मराठी दप्तरातला 'बिनआकारी' हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण तो शिवी झाला नाही आणि त्यामुळे त्याचे गाणेही झाले नाही. तो कचेरीतच राहिला. मुंबईच्या कोळ्यांना किनाऱ्यासाठी भांडताना जे शब्द वापरावे लागले ते सगळेच दुसऱ्यांचे होते, याची एक खूण येथे दिसते.

मुंबईचा इतिहास हा भरावाचा इतिहास आहे, हे विधान आता इतके रुळले आहे की त्यातली धार गेली आहे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, 1784 च्या सुमारास, महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडार बांध घालून बुजवण्यात आले आणि वरळीचे बेट जोडले गेले. या बांधाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. पाठारे प्रभू समाजातील रामजी शिवाजी यांना देवीने दृष्टांत दिला. समुद्रातून मूर्ती वर काढल्यावरच बांध टिकला. काही रूपांत या मूर्ती कोळ्यांच्या जाळ्यात येतात. आख्यायिका म्हणून तिचे विश्लेषण अनेकांनी केले आहे, पण तिच्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. समुद्राची जमीन घ्यायची तर समुद्राची संमती लागते, असे ही कथा मानते. आणि ती संमती वर आणण्याचे काम जाळ्याकडे देते. बांध उभा राहिला की जाळे कथेतून नाहीसे होते. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' (1863) आणि शिंगणे-आचार्य यांचा 'मुंबईचा वृत्तांत' (1889) या ग्रंथांनी मराठीत नगरचरित्राचा पाया घातला. वाढत्या शहराविषयीचे कौतुक हा या लेखनप्रकाराचा स्थायी भाव आहे. पाणी हटवून झालेली जमीन ही त्यात मिळकत असते. कोणाची तरी हानी म्हणून ती क्वचितच येते.

संमतीचा हा धागा कोळीवाड्यात मात्र तुटलेला नाही. वरळीच्या गोल्फादेवीकडे 'कौल' लावण्याची रीत आजही पाळली जाते. लग्नकार्य असो वा महत्त्वाचा उद्योग, देवीचा कौल घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही. हा शब्द मुळात अरबीतून आलेला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'कौलनामा' म्हणजे लागवडीस किंवा वसतीस येणाऱ्याला सत्तेने दिलेले अभयपत्र. आजच्या वृत्तपत्रांत निवडणुकीनंतर येतो तो 'जनतेचा कौल'. देवतेची अनुमती, राज्याचे वचन आणि लोकमत हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात नांदणारी भाषा लाभली असताना, प्रत्यक्ष प्रकल्पांच्या कागदांत 'जनसुनावणी' आणि 'हरकती व सूचना' एवढेच उरावे, हे मला केवळ शब्दसंपत्तीचे दारिद्र्य वाटत नाही. हरकत घेणाऱ्याचे ऐकून घेतले जाते; कौल देणारा नाही म्हणू शकतो.

'सार्वजनिक' या शब्दाचाही इतिहास पाहिला पाहिजे. 1870 साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने सभासदत्वासाठी लोकांच्या मुखत्यारपत्राची अट घातली होती. म्हणजे 'सार्वजनिक' म्हणून बोलणाऱ्याने आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवावे, अशी अपेक्षा होती. जोतीरावांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात, जे त्यांच्या निधनानंतर 1891 साली प्रसिद्ध झाले, तोच शब्द अधिक व्यापक होतो आणि वगळलेल्यांना आत घेतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगररचनेच्या भाषेत शिरताना या शब्दाने मुखत्यारपत्र टाकून दिले. 'सार्वजनिक मोकळी जागा' म्हणजे कोणाचीच नसलेली आणि म्हणून सर्वांची जागा. जाळी विणण्याची, मासळी वाळवण्याची, होड्या ओढून ठेवण्याची जागा या व्याख्येत मोकळी ठरते, कारण तिच्यावर बांधकाम नसते.

कायद्याने ही गोष्ट अगदीच ओळखली नाही असे नाही. 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आला. 1981 च्या विकास आराखड्यात किंवा शासकीय अभिलेखांत नोंदलेले कोळीवाडे नकाशावर दाखवून त्यांना तिसऱ्या वर्गात घालावे, असे तीत म्हटले होते. परंतु 30 डिसेंबर 2015 च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत भराव घालून रस्ते बांधण्याची वाट मोकळी केली. घरांसाठी एक दार उघडले, पाण्यासाठी दुसरे बंद झाले. गावठाण, कोळीवाडा आणि झोपडपट्टी या तीन शब्दांमधील फरकही याच काळात तीव्र झाला. 1971 च्या कायद्याखाली झोपडपट्टी ठरल्यास पुनर्वसनाच्या इमारतीत सदनिका मिळते, पण ती गावाची ओळख मोडून मिळते. आणि सातव्या मजल्यावर होडीच्या जाळ्याला जागा नसते.

या टप्प्यावर कोळीवाड्याच्या आतील मतभेद प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे, कारण बाहेरच्या सहानुभूतीदारांचे लेखन त्यांना झाकून टाकते. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणारी घरे आहेत, तशीच गिरणीत, महापालिकेत, कचेऱ्यांत गेलेल्यांचीही आहेत. भाडेकरू आहेत. कुटुंबे वाढली आणि खोल्या तेवढ्याच राहिल्या, अशा घरातल्या तरुणाला पुनर्विकास म्हणजे विश्वासघात वाटेलच असे नाही. नाखव्याची बाजू आणि नुसत्या रहिवाशाची बाजू एकच नसते. शिवाय नुकसानभरपाईची गणना नौकेच्या परवान्यापासून सुरू झाली की ज्यांच्या नावावर नौका नाही ते आपोआप बाहेर पडतात. वरळीचा किनारा खडकाळ आहे. ओहोटीला खडकांवरून कालवे काढणाऱ्या आणि धक्क्यावर मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या स्त्रिया कोणत्या परवान्यात शोधायच्या? आपला उदरनिर्वाह कागदावर आणण्यासाठी त्यांना 'मच्छीमार' या पुल्लिंगी वाटणाऱ्या शब्दाशीच आधी झगडावे लागते.

सागरी किनारा रस्त्याचे काम 2018 मध्ये सुरू झाले. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडील टोकापर्यंत 10.58 किलोमीटर आणि सुमारे 111 हेक्टर भराव असे त्याचे स्वरूप होते. 16 जुलै 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने किनारा नियमनाखालील मंजुरी रद्द ठरवली. त्याच वर्षी 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती देऊन रस्त्याचे काम पुढे चालू देण्याची मुभा दिली. कोळीवाड्यापुरता वाद त्यानंतर एका आकड्यावर येऊन थांबला. क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या मार्गावर पुलाच्या दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवले होते. मच्छीमार संस्थांची मागणी 200 मीटरची होती. अभियंत्यांचा हिशोब होडीच्या रुंदीवरून होता, तर नाखव्यांचा अनुभव वाऱ्याचा, खडकांचा, भरती-ओहोटीच्या ओढीचा आणि वादळात एकाच वेळी परतणाऱ्या होड्यांचा होता. पहिला हिशोब अहवालात बसतो. दुसरा बसवायचा तर त्याला कोणीतरी साक्ष मानावी लागते. मौखिक ज्ञानाला पुराव्याचा दर्जा कसा मिळतो, हा तौलनिक साहित्याचा जुनाच प्रश्न आहे, फक्त येथे त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजायची होती. 2022 च्या अखेरीस एक खांब कमी करून 120 मीटरचे अंतर मान्य झाले. तडजोड दोन्ही बाजूंची होती हे खरे. तथापि होड्यांच्या मार्गाचा प्रश्न काम बरेच पुढे गेल्यावर सुटला, तो आराखडा काढतानाच विचारला गेला असता तर चार वर्षे आणि बराच पैसा वाचला असता.

इतर किनाऱ्यांशी तुलना करताना समाजाच्या वतीने कोण बोलतो हे पाहणे उद्‌बोधक ठरते. विळिंजम बंदराविरुद्धचे 2022 चे आंदोलन लॅटिन धर्मप्रांताच्या नेतृत्वाखाली झाले. चेन्नईच्या मरीनावर 1985 साली सुशोभनासाठी होड्या हटवण्याच्या प्रयत्नातून गोळीबार होऊन मच्छीमारांचे बळी गेले, आणि तेथील कुप्पमांची पंचायत हे आजही संघटनेचे केंद्र आहे. वरळीत हे काम सहकारी संस्थांकडे आले. चर्च, पंचायत आणि सहकारी संस्था या तिन्हींची बोलण्याची भाषा निराळी : एकीची प्रार्थनेची, दुसरीची बिरादरीची, तिसरीची ठरावाची. ठरावाची भाषा न्यायालयाला कळते, हा तिचा फायदा. तिच्यात शोक मावत नाही, हे तिचे मोल.

शोकासाठी कादंबरीकडे वळावे लागते. तकळींच्या 'चेम्मीन'मध्ये (1956) समुद्र ही माता आहे, आणि तिचा कायदा माणसांच्या वर्तनाला लागू होतो. जमिनीचा प्रश्न त्यात गौण आहे. त्याच वर्षी, लेखकाच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपात आलेली अद्वैत मल्लबर्मन यांची 'तितास एकटि नदीर नाम' वरळीच्या अधिक जवळची आहे. मल्लबर्मन स्वतः मालो या मासेमार समाजातले. नदी आटते, तिच्या पात्रातून नवी जमीन वर येते, आणि ज्यांचे ते पाणी होते त्या मालोंना त्या जमिनीतला तुकडाही मिळत नाही. बळकट शेतकरी तिचा ताबा घेतात. मराठीत मधु मंगेश कर्णिकांच्या 'माहीमची खाडी'ने (1969) किनाऱ्यावरच्या झोपडपट्टीतले जग उभे केले, पण त्या कादंबरीत खाडी ही निर्वासितांची अखेरची जागा आहे, उपजीविकेचे पाणी नव्हे. हा फरक दृष्टीचा आहे. आपल्या नागर कादंबरीला गरिबी दिसली, पण पाण्याचा हक्क दिसला नाही. तितासच्या काठी जमीन नैसर्गिकपणे वर आली होती; वरळीत ती घातली गेली. भरावाच्या मोठ्या भागावर उद्याने आणि विहारपथ करण्याचे ठरले. ते सर्वांसाठी खुले राहतील, आणि त्या अर्थाने ते सार्वजनिक असतील, यात शंका घेण्याचे कारण नाही.

11 मार्च 2024 रोजी रस्त्याच्या पहिल्या भागाचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर दीड महिन्याने, एप्रिलच्या अखेरीस, सागरी सेतूला जोडणारी 136 मीटर लांबीची धनुष्याकृती कमान पाण्यावरून आणून खांबांवर बसवण्यात आली. वृत्तपत्रांनी तिच्या वजनाची आणि तंत्राची वाखाणणी केली, ती योग्यच होती. या कमानीच्या लांबीमागे कोळ्यांच्या ठरावांतला आकडा आहे, हे मात्र त्या कौतुकात फारसे आले नाही. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्या आता तिच्याखालून जातात.