खासबागेचे कुस्तीमैदान आणि मल्लविद्येचा आश्रय

मल्लविद्येचा इतिहास लिहावयाचा म्हटला की लेखकाची दृष्टी प्रथम मल्लांकडे वळते. त्यांची नावे, त्यांचे आवडते डाव व त्यांच्या गाजलेल्या लढती यांचे संकलन होते आणि तेवढ्यावरच इतिहास पूर्ण झाला असे समजले जाते. परंतु ज्या जागेवर या लढती झाल्या ती जागा कोणी बांधली, मल्लाच्या खुराकाचा खर्च कोणी सोसला आणि तो सोसणारा नाहीसा झाल्यावर काय घडले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वस्तुतः कुस्ती ही आश्रयावर जगणारी विद्या आहे. दूध, तूप व बदाम यांवर वर्षानुवर्षे पोसलेला मल्ल ही कोणा एका शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. म्हणून मल्लविद्येचा इतिहास हा पुष्कळ अंशी तिच्या आश्रयदात्यांचा इतिहास होय. कोल्हापूर येथील खासबाग मैदानाच्या आधारे या विधानाची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील अभ्यासकांना हे स्थळ दूरचे वाटेल. परंतु तुलनेच्या दृष्टीने ते दूर असणेच उपयोगाचे आहे. 1902 हे साल या तुलनेत विशेष लक्षात ठेवावे. 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, सालिना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात, निजामाकडून इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने मिळाला आणि पुढील वर्षी तो मध्यप्रांतास जोडण्यात आला. आजचा यवतमाळ जिल्हा या वऱ्हाडाचाच भाग होता. म्हणजे ज्या काळात कोल्हापुरात मल्लविद्येला राजाश्रयाचा बहर येत होता, त्या काळात वऱ्हाडात स्थानिक राजा असा कोणी उरलाच नव्हता. जिल्हाधिकाऱ्याची कचेरी होती, कापसाची पेठ होती, पण दरबार नव्हता. या भेदाचे परिणाम दोन्हीकडच्या व्यायामपरंपरेत कसे उमटले, हे पुढे पाहू.

त्याच 1902 साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले होते. राज्यकारभाराची सूत्रे हाती येऊन त्यांना तेव्हा आठ वर्षे झाली होती. या प्रवासाच्या काळातच, 26 जुलै 1902 रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध आदेश निघाला. याच प्रवासात महाराजांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार रंगभूमी पाहिली व तशा धर्तीचे मैदान कोल्हापुरात बांधण्याचा संकल्प केला, असे परंपरा सांगते. मैदानाच्या रचनेकडे पाहता ही परंपरा ग्राह्य मानावयास हरकत नाही. एकाच प्रवासातून एक आदेश आणि एक वास्तू निघावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आदेशाने दरबाराची दारे ज्या समाजाला उघडली, बहुतांशी त्याच समाजातील मुले पुढे या मैदानावरील मातीत उतरली.

मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. त्या वेळच्या पहिल्या मोठ्या लढतीत विख्यात गामा पहिलवानाचे बंधू इमामबक्ष यांनी गुलाम मोहिद्दीन यांच्यावर मात केल्याचे सांगितले जाते. इमामबक्ष दोनच वर्षांपूर्वी, 1910 मध्ये, लंडनला जाऊन तेथे यश मिळवून आले होते. पंजाबातील असे नामांकित मल्ल दक्षिणेतील एका संस्थानी राजधानीत येऊन लढतात, यावरून कोल्हापूरच्या आश्रयाची ख्याती कोठवर पोहोचली होती याची कल्पना येते. त्या मल्लांचे डाव पाहून स्थानिक तालमींतील मुलांना जे शिक्षण मिळाले, त्याचे मोल इनामाच्या रकमेत मोजता येणार नाही.

स्थळदर्शनास जाणाऱ्या अभ्यासकाने हे मैदान शक्य तर कुस्त्या नसलेल्या दिवशीही पाहावे. रिकाम्या मैदानात वास्तूचा विचार अधिक स्पष्ट दिसतो. मध्यभागी लाल मातीचा हौद. त्याच्या सभोवार मोकळी जागा. आणि तिच्या पलीकडे चढत जाणाऱ्या बैठकांची वर्तुळाकार रांग. सुमारे तीस हजार प्रेक्षक येथे बसू शकतात असा अंदाज नेहमी दिला जातो. कोणत्याही बैठकीवरून हौद सारखाच दिसावा, पुढच्याच्या फेट्याने मागच्याची दृष्टी अडू नये, ही या रचनेची खरी करामत होय. एका बाजूस व्यासपीठ आहे आणि त्याच्या पाठीशी 1915 मध्ये उघडलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले नाट्यगृह. नाटक आणि कुस्ती यांना पाठीला पाठ लावून बसविणारी ही योजना सहेतुक वाटते. दरबारी रंजनाच्या या दोन प्रकारांना महाराजांनी शहराच्या मध्यात, नागरिकांच्या पायवाटेवर आणून ठेवले.

हौदातील मातीचाही विचार केला पाहिजे. ती केवळ उकरलेली जमीन नसते. चाळलेल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर इत्यादी पदार्थ मिसळून ती मऊ ठेवली जाते. या मातीवरील कुस्तीची रीत वेगळी आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की लढत निकाली होते. तोपर्यंत घड्याळाचे बंधन फारसे नसते. त्यामुळे दम आणि ताकद यांना महत्त्व येते. ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवर होते; तेथे मिनिटे मोजली जातात, गुण दिले जातात आणि चपळाईला अधिक वाव असतो. मातीत घडलेल्या मल्लाला गादीवर उतरताना जवळजवळ नवी भाषा शिकावी लागते. ही अडचण ज्यांनी प्रथम ठळकपणे ओलांडली ते खाशाबा जाधव होत.

खाशाबांचा जन्म 1926 चा, कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गावचा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. शालेय शिक्षणानंतर खाशाबा कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळविले. गादीवरील कुस्तीचा फारसा सराव नसताना मिळालेले हे यश लहान नव्हते. या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला होता. चार वर्षांनी हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यानंतरचे वैयक्तिक पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन स्पर्धांच्या मधल्या चार वर्षांकडे बारकाईने पाहावे. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. लंडनच्या वेळी मल्लाच्या पाठीशी असलेला राजाश्रय हेलसिंकीच्या वेळी उरलेला नव्हता, आणि त्याची जागा घेणारी शासकीय व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. मधली पोकळी व्यक्तींनी भरून काढली. गोळेश्वर व आसपासच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने खाशाबांचे स्वागत केले. आणि त्यानंतर कुस्त्यांचे फड लावून, त्यांतील उत्पन्नातून खाशाबांनी प्राचार्यांचे ऋण फेडले. राजाश्रय संपला आणि लोकाश्रयाने त्याची जागा घेतली, असे या घटनेचे वर्णन सहज करता येईल. परंतु ते अर्धेच खरे ठरेल. एका शिक्षकाचे घर गहाण पडावे लागते तेथे आश्रयाची व्यवस्था असते असे म्हणता येत नाही. तेथे केवळ एका माणसाचे औदार्य असते.

हेलसिंकीतील एका प्रसंगातूनही हेच दिसते. दीर्घ झालेल्या एका लढतीनंतर खाशाबांना लगेच दुसऱ्या लढतीस उभे राहावे लागले. दोन लढतींमधील विश्रांतीचा नियम पुढे करून हरकत घेईल असा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. तालमीत मल्ल हौदात उतरतो तेव्हा त्याचा वस्ताद काठावर उभा असतो. आश्रय म्हणजे केवळ पैसा नव्हे. काठावर कोणीतरी उभे असणे हाही आश्रयाचाच भाग आहे.

विलीनीकरणानंतर खासबाग ओस पडली नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून मुले येत राहिली. 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे, 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आणि 1964 चे हिंदकेसरी मारुती माने ही नावे या परंपरेचे सातत्य दाखवितात. आंदळकर व माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत सुवर्णपदकेही मिळविली. खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे, आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे, माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. यावरून कोल्हापूरच्या मल्लपरंपरेचे क्षेत्र संस्थानच्या जुन्या सीमेपुरते कधीच नव्हते, हे उघड होते. राजा गेल्यावर तिकीट काढून बसणारा प्रेक्षक मैदानाचा आश्रयदाता झाला. वास्तू तयार होती म्हणूनच हे स्थित्यंतर शक्य झाले, असे आम्हांस वाटते.

आता वऱ्हाडाकडे वळू. राजाश्रय नसलेल्या या प्रदेशात 1914 मध्ये अमरावती येथे वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. येथे आरंभी भव्य वास्तू नव्हती. शिक्षक, शिष्य आणि वर्गणीदार होते. 1936 मध्ये या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. कोल्हापुरात आश्रयातून वास्तू निर्माण झाली व तिने पुढे परंपरा सांभाळली. वऱ्हाडात आश्रयाच्या अभावातून संस्था निर्माण झाली व तिने शिक्षक घडविले. एकीची भिस्त प्रेक्षकावर, दुसरीची सभासदावर. एकीत अजोड मल्लाला मान, दुसरीत सांघिक कवायतीला. कोणती रीत श्रेष्ठ, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेतील नाही. परंतु या दोन्ही रीती त्या त्या प्रदेशाच्या राजकीय स्थितीतून उद्भवल्या, एवढे म्हणता येते.

या तुलनेतून एक कर्तव्यही निष्पन्न होते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीत त्या वास्तूची मोठी हानी झाली. त्या झळा पाठीशी असलेल्या खासबागेच्या व्यासपीठालाही लागल्या. शतकाहून अधिक काळ उभ्या असलेल्या गोष्टी एका रात्रीत जाऊ शकतात, हे त्या घटनेने दाखवून दिले. दगडी वास्तू जळाली तर निदान वर्तमानपत्रात बातमी येते आणि पुनर्बांधणीची मागणी होते. पण ज्या प्रदेशाची परंपरा वास्तूत नव्हे तर माणसांत साठलेली आहे, तेथील हानी कोणाच्या लक्षातही येत नाही. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, पांढरकवडा या भागांतील आखाडे व यात्रांतील दंगली यांची स्मृती जुन्या वस्तादांच्या बोलण्यात, आखाड्यांच्या वर्गणीच्या वह्यांत, इनामाच्या जाहिरातींत आणि घरोघरच्या भिंतींवरील छायाचित्रांत विखुरलेली असते. वस्ताद गेला की त्याची आठवण जाते. घर पाडले की वही रद्दीत जाते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय निवडताना याचा विचार करावा. प्रत्येक आखाड्यापुरते तीन प्रश्न विचारले तरी बरेच हाती लागेल: जागा कोणाची, खुराकाचा खर्च कोणाचा आणि शिकविणारा कोणाचा शिष्य. खासबागेच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे दगडमातीच्या मैदानाने आपल्यासाठी राखून ठेवली. आपल्या जिल्ह्यात ती उत्तरे माणसांकडेच मागावी लागतील, आणि ती देणारे आहेत तोवरच मागावी लागतील.