घर, कर्ज आणि सखल जागा

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातच उगम पावते आणि मेहकरवरून पुढे वाहत जाते. वऱ्हाडातली नदीकाठची गावे पाहा. गढी उंचावर, देऊळ उंचावर; आणि आमची वस्ती बहुधा उताराच्या टोकाला, नदीनाल्याच्या अंगाला. पुराचे पाणी जात विचारत नाही, असे म्हणतात. विचारण्याची त्याला गरजच काय? जातीने ज्यांना सखल जागा नेमून दिली, त्यांच्याच घरात ते आधी शिरते.

माझे बालपण मेहकर तालुक्यातल्या अशाच एका वस्तीत गेले. एका पावसाळ्यात आमच्या मातीच्या घराची नदीकडची भिंत बसली. वडील कर्जासाठी तालुक्याला गेले. साहेबांनी जागेचा उतारा मागितला. आजोबांनी बांधलेल्या घराच्या जागेचा उतारा आमच्याकडे नव्हता. सावकाराला मात्र उतारा लागला नाही. त्याला आईचे चांदीचे कडे पुरले. भिंत पुन्हा उभी राहिली. त्याच जागी, त्याच मातीची.

मग लहान कर्जातून पुरात टिकणारे घर उभे राहतच नाही काय? राहते. बांगलादेशात ग्रामीण बँकेने 1984 साली भूमिहीन कर्जदारांसाठी गृहकर्ज सुरू केले. काँक्रीटचे चार खांब, वर पत्रे आणि सोबत संडास, एवढेच त्या घराचे सामान. भिंती बांबूच्या किंवा तागाच्या काटक्यांच्या. पुरात भिंत गेली तरी खांब आणि छप्पर राहते. भिंत पुन्हा घालता येते. फेड आठवड्याच्या हप्त्याने. 1988 साली त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला. त्यानंतरच्या वर्षी या घरांना वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पण मला खांबांहून महत्त्वाची वाटते ती कर्जाची एक अट : जागा बाईच्या नावावर हवी. नवऱ्याने टाकले तरी घर तिचेच राहावे, यासाठी ती अट होती. कर्जाआधी जागेच्या मालकीचा प्रश्न तिथे सोडवावा लागला.

आपल्याकडे काय झाले? 1972 साली विभेदक व्याजदर योजना आली. अतिगरिबांना 4 टक्के व्याजाने कर्ज आणि त्यातला 40 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींना, असा तिचा नियम. 1985 साली इंदिरा आवास योजना आली, 2008 साली अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घराला 1 लाख 20 हजारांचे अनुदान आणि हवे असल्यास 70 हजारांपर्यंत कर्ज ठरले. या योजनांनी पक्की घरे दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्या पायाखालची जागाच त्याची नाही, तो या यादीत कुठे बसतो? घरासाठी जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्य देणारी योजना राज्याने 2015 साली आणली. म्हणजे आधी तीस वर्षे घरकुल आणि मग जागा!

बाबासाहेबांनी हा क्रम उलटा लावला नव्हता. 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी पडीक जमीन आणि ती देणारे वसाहत मंडळ मागितले. 1964 च्या भूमिसत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तुरुंगात गेली, तीही जमिनीसाठीच. आपण मात्र पुढे जमिनीची मागणी सोडून अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत बसलो.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे. कर्जाचा अर्ज भरण्याआधी ग्रामपंचायतीत जा आणि त्या जागेचा नमुना आठ पाहा. त्यावर घरच्या बाईचे नाव आहे का, हे वाचा. नसेल तर लढा तिथून सुरू करा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून मोठ्या पुराची खूण भिंतीवर लावा आणि नव्या घराचे जोते तिच्या वर घ्या. जोते तेवढे उंच नेता येत नसेल, तर गावठाणात उंचावरची जागा मागा. बुडणाऱ्या जागेवर काढलेले कर्ज घर वाहून गेल्यावरही फेडावे लागते.