भरतीसाठी धावा, वजन आपोआप उतरेल
महागाव तालुक्यात वजन उतरवायला पोलीस भरतीसारखं निमित्त नाही. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पात्र व्हायला निम्मे लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत, मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत संपवलं तर २० पैकी २०. म्हणजे गुण वेळेला. रोज वजनकाटा पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा घड्याळ लावून धावा.

अंग जड असेल तर सुरुवातीला भरभर चाला, मधेमधे थोडं पळा. पहिल्याच दिवशी जोरात पळालं की नडग्या धरतात अन् पोरगं घरी बसतं. जेवण सोडू नका; भाकर-वरण खा, साखर अन् तळलेलं कमी करा.

नागपूर-तुळजापूर महामार्गावर पहाटे अंधारात मात्र धावू नका. शाळेचं मैदान बरं.