रद्दीतल्या पाखराची कुळकथा

रंग आणि कुंचला यांच्याऐवजी फाडलेले किंवा कातरलेले कागदाचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून जे चित्र सिद्ध होते, त्याला मराठी शाळांत चिकटकाम किंवा चिकटचित्र म्हणतात; कलासमीक्षेत त्यासाठी कोलाज हा शब्द रूढ आहे, जो ‘चिकटवणे’ या अर्थाच्या ‘कोले’ या फ्रेंच क्रियापदापासून आला. १९१२ मध्ये पिकासो आणि ब्राक यांनी मेणकापड व भिंतीचा छापील कागद चित्रात चिकटवला, तेव्हापासून या शब्दाला प्रतिष्ठा लाभली. मात्र एवढ्यावरून या कलेचे कूळ पॅरिसचे ठरवणे योग्य नाही. जपानमध्ये हाताने फाडलेल्या कागदाची ‘चिगिरी-ए’ ही चित्ररीत त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि दख्खनमध्ये सतराव्या शतकात विजापूरकडे अबरीतून, म्हणजे ढगांसारख्या नक्षीच्या कागदातून, आकृती साकारणारी चित्रे होत होती. अबरी हा शब्द ‘ढग’ या अर्थाच्या ‘अब्र’ या फारसी शब्दावरून आला असून मराठी पुस्तकबांधणीकारांना तो आजही परिचित आहे.

मुळात कागदाची जातच टाकाऊतून जन्मलेली आहे. यंत्राचा कागद येण्यापूर्वी चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करीत आणि तो चाळणीवर पसरून ताव उचलत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली, तर जुन्नरचा कागद मराठेशाहीच्या दप्तरांत गेला. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाला पुन्हा आधार दिला. ‘रद्दी’ आणि ‘रद्द’ हे दोन्ही शब्द परत फिरवणे, नाकारणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूतून आले आहेत; नाकारलेल्या चिंधीचा कागद होतो आणि नाकारलेल्या कागदाचे चिकटचित्रातले पाखरू होते, ही एकाच वंशाची पुढची पिढी होय.

कागद चिकटवण्याची परंपरा पोथ्यांच्या जतनातही दिसते: वऱ्हाडात वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे हस्तलिखितांसाठी ख्यातनाम आहेत, आणि जीर्ण पानांवर पातळ कागदाची पट्टी खळीने सांधण्याची जी रीत पोथ्या जपणाऱ्यांनी सर्वत्र पाळली, ती चिकटकामाची थोरली बहीण मानायला हरकत नाही. खळ म्हणजे पिठाची शिजवलेली पातळ लापशी. कसर लागू नये म्हणून बांधणीकार तीत चिमूटभर मोरचूद घालीत. महाराष्ट्रात घरोघरी बायकांनी जुने कागद भिजवून, मेथीच्या पुडीसह कुटून टोपल्या लिंपल्या, तेव्हाही टाकाऊ तंतू आणि चिकटा एवढेच भांडवल हाताशी होते. या कामाला कलेच्या इतिहासात जागा मिळाली नाही, ही खरोखर उणीव आहे.

पाखरासाठी हे माध्यम विशेष साजते, त्याचे कारण कागदाच्या बांधणीतच आहे. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात, त्यामुळे वर्तमानपत्राचे पान उभे फाडले तर सरळ पट्टी निघते आणि आडवे फाडले तर कड वाकडीतिकडी, झिरमिळ्यांची होते. पहिलीतून पंखांची लांब पिसे आणि दुसरीतून छातीची मऊ लव साधते. रंगीत जाहिरातीचे गुळगुळीत पान फाडताना एका तुकड्याच्या कडेला आतला पांढरा थर उघडा पडतो, दुसऱ्याच्या पडत नाही. ही पांढरी कड प्रत्येक पिसाला आपोआप वेगळे करते, म्हणून कात्रीपेक्षा बोटांनी फाडणे येथे सरस ठरते. वऱ्हाडातील शेतांच्या तारांवर बसणारा नीलकंठ, ज्याचे दर्शन दसऱ्याला शुभ मानतात, बसलेला असताना तपकिरी भासतो आणि उडताच पंखांतील दोन निळ्या छटा उघड करतो. त्यासाठी गडद व फिकट निळ्या पानांचे तुकडे निवडून ठेवावे लागतात. ते शेपटीकडून डोक्याकडे, कौलारू छपरावर वळचणीपासून आढ्याकडे कौले चढवतात तसे, एकावर एक चढवत नेले जातात, आणि शेवटी डोळ्यासाठी एखाद्या मोठ्या मथळ्यातील अक्षरावरचा काळा अनुस्वार कातरून घेता येतो.